शेषरावभाऊंचं दुसरं पान

अकोल्याच्या नोंदणी कार्यालयात खिडकीवर एखादा दस्त यायचा, त्याचं पहिलं पान उलटलं की दुसऱ्या पानावर 'या दस्तातील शब्दांचे अर्थ' असा मथळा दिसायचा, आणि आतले बाबू मान वर न करताच म्हणायचे, "गावंड्याचा दिसते." सही पाहायची गरज पडत नसे. बाकीचे दस्तलेखक 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' यांची नावं-गावं संपली की सरळ व्यवहारावर यायचे. शेषराव गावंडे मात्र मध्ये थांबायचे. ज्या शब्दांवर तो व्यवहार उभा आहे, त्या शब्दांचा या दोन माणसांपुरता अर्थ काय, हे पानभर लिहायचे आणि मगच पुढे जायचे. घर म्हणजे काय. रस्ता म्हणजे बैलगाडीचा की पायी जायचा. सकाळ म्हणजे किती वाजेपर्यंत.

मी नऊ वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते. कार्यालयाच्या आवारात टिनाच्या शेडखाली दस्तलेखकांची सात-आठ टेबलं होती. हातानं लिहिलेले दस्त बंद झाले, सगळं कॉम्प्युटरवर टाइप करून लागायला लागलं, तेव्हा मी माझा कॉम्प्युटर आणि प्रिंटर घेऊन तिथे आले. बाकीच्या लेखकांनी आपापली माणसं नेमली. शेषरावभाऊ एकटेच कागदावर हातानं लिहून माझ्याकडे आणून द्यायचे. पहिल्याच दिवशी मी त्यांचं दुसरं पान टाइप करायचं टाळलं. मला वाटलं, ही कच्ची टिपणं असतील.

"वंदनाबाई, एक पान कमी हाये."

"भाऊ, ते सगळ्यांना माहीत असलेले शब्द आहेत. कुंपण म्हणजे काय ते कोणाला कळत नाही?"

"सगळ्यायले कळते, म्हनूनच तर कोर्टं भरलेली हायेत," असं म्हणून त्यांनी ते पान पुन्हा माझ्यासमोर ठेवलं.

ते बार्शीटाकळीहून सकाळच्या बसनं यायचे. उंच, हडकुळे, पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. काळं दस्ताचं आणि निळं त्यांचं स्वतःचं. निळ्या पेनानं ते एका जाड वहीत लोकांच्या तोंडून ऐकलेले शब्द टिपून ठेवत. एखाद्या बाईनं धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, आपल्या गावचा वेगळा शब्द वापरला की भाऊ तिला थांबवून दोनदा म्हणायला लावत. उन्हाळ्यात अकोल्याचं टिन तापलं की ओला दुपट्टा डोक्यावर घेऊन बसत, आणि त्या दुपट्ट्यातून पाणी कागदावर पडू नये म्हणून मान ताठ ठेवून लिहीत. लांबून बघणाऱ्याला वाटे, हा माणूस फार ताठ्याचा आहे. ताठा त्यांच्यात नव्हता. त्यांच्याइतकं ऐकून घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्यांचं एक म्हणणं ठरलेलं होतं. "लोक खोटं बोलत नाई, बाई. दोघंई खरंच बोलते. फक्त एकच शब्द दोघं दोन अर्थानं बोलते, अन् ते त्यायले मालूम नसते."

हे म्हणणं मला पटलं ते वरूडच्या संत्र्यांमुळे. अकोल्यात राहणाऱ्या एका निवृत्त मास्तरांची वरूडजवळ संत्र्याची बाग होती. तिथले व्यापारी फारूकभाई त्या बागेचा आंबिया बहार, म्हणजे त्या हंगामाचं सगळं पीक, झाडावरच विकत घ्यायला आले होते. दोघांची वर्षानुवर्षांची ओळख. भाव ठरलेला, चहा झालेला, फक्त कागद व्हायचा होता. भाऊंनी पेन उघडलं आणि विचारलं, "फळ म्हनजे काय?"

फारूकभाई जोरात हसले. "अरे भाऊ, संतरा! और क्या?"

"झाडावरचा का खाली पडलेला बी?"

मास्तर म्हणाले, "खाली पडलेला माझा. बाग माझी आहे."

फारूकभाईंचं हसू थांबलं. "वा मास्तर! बहार म्या घेतला. तुमी रातच्याले फांदी हलवाल तर?"

"मी फांदी हलवीन? फारूक, मी तुझ्या पोराला शिकवलं आहे!"

मग एक तास दोघं भांडले. मी मध्ये दोन दस्त टाइप करून मोकळी झाले. भाऊ एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. भांडण दमलं तेव्हा त्यांनी लिहिलं: 'फळ म्हणजे सदर बागेतील झाडांवर असलेले आंबिया बहाराचे संत्रे, हिरवे असो वा पिकलेले. जमिनीस टेकलेले संत्रे हे गळ समजावे. वादळवाऱ्याने झालेली गळ निम्मी-निम्मी; एरवीची गळ बागवाल्याची.' मग मास्तर हळूच म्हणाले, की मोटरघराजवळचं एक झाड त्यांच्या वडिलांनी लावलेलं आहे, त्याची फळं ते विकत नाहीत. भाऊंनी 'बाग' या शब्दाच्या अर्थातून ते एक झाड बाहेर काढलं. फारूकभाईंनी त्यावर हूं की चूं केलं नाही, उलट म्हणाले, "उस झाड के दो संतरे मले बी खायाले देजा, मास्तर." पुढच्या वर्षी ते पुन्हा आले तेव्हा भाऊंना म्हणाले, "तुमच्या कागदानं भांडायची मजाच गेली."

सगळेच शब्द असे हसत-खेळत सुटत नसत. चंद्रभागाबाई नावाच्या एक आजीबाई आल्या होत्या. बरोबर मुलगा. तो भला वाटत होता, आईला हात धरून आणलं होतं. त्या राहतं घर मुलाला बक्षीसपत्रानं देत होत्या आणि मुलानं त्यांचा सांभाळ करायचा होता. मुलाला घाई होती.

भाऊंनी मुलाकडे पाहिलं नाही. आजीबाईंना विचारलं, "माय, सांभाळ म्हनजे काय काय?"

त्या गोंधळल्या. "सांभाळ म्हनजे… दोन टायमाची भाकर."

"कशी भाकर?"

"गरम." हे म्हणताना त्यांनी मुलाकडे बघून घेतलं.

"आनखी?"

"गोळ्या असतेत माह्या. अन् समोरच्या खोलीत झोपू द्यावं. रस्त्यानं लोकं जातेत येतेत, तेवढंच बरं वाटते."

"आनखी, माय? आता लिहून राहिलो तर सांगून टाका."

त्या बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग म्हणाल्या, "कोनीतरी बोललं पायजे माह्याशी."

मुलगा हसला. "भाऊ, हे कसं लिहिता येईन? बोलनं काय कागदावर येते का?"

"येते," भाऊ म्हणाले, आणि त्यांनी लिहिलं: 'सांभाळ म्हणजे लिहून देणार हिस दोन वेळचे ताजे जेवण, औषधपाणी, घरातील समोरच्या खोलीत झोपण्याची जागा, व दिवसातून निदान एक वेळ घरातील कोणीतरी तिच्याजवळ बसून तिच्याशी बोलणे. यात कसूर झाल्यास हे बक्षीस रद्द करण्याचा अधिकार लिहून देणार हिस राहील.'

ते टाइप करताना मलाही अवघडल्यासारखं झालं होतं. सरकारी कागदात असं वाक्य मी आधी कधी टाइप केलं नव्हतं.

दोनेक वर्षांनी चंद्रभागाबाईंनी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अर्ज केला. त्यांना मागच्या टिनाच्या खोलीत टाकलं होतं. जेवण मिळत होतं, गोळ्याही मिळत होत्या. मुलाच्या वकिलानं तेच सांगितलं, सांभाळ चालू आहे म्हणून. अधिकाऱ्यांनी दस्ताचं दुसरं पान काढलं आणि मोठ्यानं वाचलं. मग मुलाला एकच प्रश्न विचारला, "काल आईशी कोण बोललं?" मुलानं वकिलाकडे पाहिलं. घर परत गेलं असतं, पण आजीबाईंनीच अर्ज मागे घेतला, कारण मुलगा त्यांना समोरच्या खोलीत न्यायला तयार झाला. पुढे एकदा त्या बाजारात भेटल्या. मी विचारलं, बोलतो का आता मुलगा? म्हणाल्या, "पह्यले पह्यले मोबाइल पाहत बसे जवळ. आता बोलते. परवा तर भांडला माह्याशी." आणि त्या मनापासून हसल्या.

हे मी भाऊंना सांगितलं. त्यांना खूप आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बरं झालं," आणि बराच वेळ टेबलावरचा कागद उगाच सरळ करत राहिले.

भाऊंची एक सवय मला कळत नसे. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन होता आणि त्यावर अनोळखी नंबर आला की ते हातातलं काम टाकून उचलत. समोरून कोणी विमा विकत असे, कोणी प्लॉट, कोणी नुसतंच ध्वनिमुद्रण लावलेलं असे. भाऊ ते शेवटपर्यंत ऐकत. "बोला, मी ऐकून राहिलो," म्हणत. समोरच्यानं ठेवेपर्यंत फोन कानावर असे. कंपनीनं एकदा त्या नंबरची सेवा बंद पडणार असं कळवलं, तेव्हा हा माणूस दोन दिवस काम सोडून दुकानादुकानांतून हिंडला आणि तोच नंबर दुसऱ्या कंपनीत नेऊन आला. मी म्हटलं, "भाऊ, नवा नंबर घ्या ना. दोन मिनिटांचं काम." त्यांनी फोन खिशात ठेवला आणि पुढचा कागद ओढला.

मे महिन्यातली दुपार होती. साधारण चाळिशीची एक बाई शेडखाली आली. अंगणवाडी सेविकेची साडी, खांद्याला पिशवी, कपाळाला ठसठशीत कुंकू. तिला पाहून भाऊ उभे राहिले. पक्षकाराला पाहून ते कधी उभे राहत नसत.

"बस, निर्मला. पानी घे."

ती बसली. पाणी प्यायली. मग पिशवीतून फॉर्मची चळत काढून टेबलावर ठेवली.

"दादा, हे पाहा. पल्लवीच्या कालेजचा फॉर्म. वडील हयात का मयत, टिक करा. हा रेशनचा. सधवा का विधवा. हा तलाठ्याचा. खातेदार हजर पायजे म्हनते, नाई तर मृत्यूचा दाखला आना. मी कायले टिक करू? अकरा वर्षं झाले. दरवेळी मी दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवतो अन् दरवेळी मानूस फॉर्म वापस करते."

भाऊंनी वरचा फॉर्म उचलून पाहिला.

"वकिलानं सांगतलं, कोर्टातून मयत ठरवता येते. तुमचं प्रतिज्ञापत्र लागते."

"निर्मला…"

"मले विधवा व्हायचं नाई, दादा. मले सातबारा पायजे."

हे ती इतकं शांतपणे म्हणाली की माझे हात की-बोर्डवर थांबले. तिनं वकिलानं दिलेला मसुदा ठेवला आणि ती निघून गेली. तिच्या बसची वेळ झाली होती.

त्या दिवशी भाऊंनी डबा उघडला नाही. चार वाजता त्यांनी आपण होऊन मला सांगितलं. निर्मला त्यांची भावजय, धाकट्या भावाची, दिगंबरची बायको. वडील गेल्यावर दोघांच्या वाटण्या झाल्या. वाटणीपत्र अर्थातच शेषरावभाऊंनी लिहिलं. जमिनीचे दोन भाग केले, विहीर थोरल्याच्या भागात आली, म्हणून लिहिलं, 'विहिरीचे पाणी समाईक राहील.' एवढंच. तेव्हा ते दुसरं पान लिहीत नसत. बाकीच्यांसारखेच लिहीत.

"भावाभावात काय अर्थ लिहायचे, बाई? मले वाटलं, समाईक म्हनजे समाईक."

दिगंबरनं आपल्या भागात लिंबाची झाडं लावली होती. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात विहीर आटली. त्याचं म्हणणं, समाईक म्हणजे निम्मं पाणी, किती का असेना. भाऊंचं म्हणणं, समाईक म्हणजे ज्याची गरज आधी त्याचं आधी, आणि त्यांची गुरं तहानलेली होती. दोघंही खरं बोलत होते. लिंबं वाळली. पारावर चार माणसांसमोर दिगंबर म्हणाला, "तू लिहिनारा आहेस, दादा. तुले मालूम होतं काय लिहून राहिला ते." भाऊंना राग आला. ते म्हणाले, "वाचता येत होतं ना तुले? मग सही काहून केली?"

दुसऱ्या दिवशी दिगंबर बायकोला म्हणाला, नागपूरकडे काम पाहून येतो. अकोल्याला गाडीत बसताना गावातल्या एकानं त्याला पाहिलं; एक खांदा खाली टाकून चालायची त्याची ढब लांबूनच ओळखू येई. त्यानंतर कोणीही नाही. पोलिसात तक्रार झाली, पेपरात फोटो झाला, भाऊ स्वतः नागपूर, भुसावळ, पार सुरतेपर्यंत जाऊन आले. दवाखाने पाहिले, प्रेतं ठेवतात त्या खोल्याही पाहिल्या. वर्षभरानं टेबलावर परतले तेव्हापासून त्यांच्या दस्तांना दुसरं पान लागलं. आणि भाऊंचा तो नंबर दिगंबरला पाठ होता. त्याला पाठ असलेला तो एकच नंबर.

प्रिंटर बंद करायचं निमित्त करून मी पाठ फिरवली.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा साधा होता. असे मसुदे सगळे वकील एकाच साच्यातून काढतात. 'सदर दिगंबर हे हयात असते, तर त्यांनी मला, म्हणजे त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाला, साहजिकच कळविले असते. गेल्या अकरा वर्षांत मला त्यांच्याबाबत काहीही कळलेले नाही.' कायदा एवढंच मागतो. सात वर्षं ज्याची खबर नाही, आणि तीही अशा माणसांना नाही ज्यांना ती साहजिकच मिळाली असती, तो माणूस मयत समजावा.

दुसऱ्या दिवशी भाऊ सांगत होते आणि मी टाइप करत होते. 'साहजिकच' या शब्दाशी ते म्हणाले, "थांबा, बाई."

मी थांबले. त्यांनी मसुद्याची घडी घातली. मग म्हणाले, "उद्या करू."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. बारीक आवाजात म्हणाले, "मले सांगा. त्यानं मले साहजिकच कळवलं असतं असं मी लिहिलं, म्हनजे थो मेला. माह्या सहीनं मेला. अन् कळवलं नसतं असं लिहिलं, तर थो कुठीतरी हाये, फक्त माह्याशी बोलाले तयार नाई. अकरा वर्षं नंबर पाठ असूनबी. कोनतं लिहू?"

मी म्हटलं, "भाऊ, ही तर पद्धत आहे. सगळे असंच लिहितात. निर्मलाताईंचं काम होऊन जाईल."

"सगळे लिहितात," ते म्हणाले. "समाईक बी सगळेच लिहितात."

त्या रविवारी ते निर्मलाकडे गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला सोमवारी सांगितलं. त्यांनी तिला सरळ विचारलं होतं, तो असता तर त्यानं मला कळवलं असतं का? ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाले? नाई. नसतंच कळवलं. लय राग होता त्याले." मग म्हणाली, "पन दादा, मले कळवलं असतं. माह्याशी काई भांडन नव्हतं त्याचं. अन् पल्लवी सहा वर्षांची होती. तिच्या केसाची येनी घातल्याबिगर थो सकाळी बाहेर पडत नव्हता. असा मानूस पोरीले अकरा वर्षं फोन करत नाई?"

हे सांगताना भाऊंचा आवाज नेहमीसारखाच होता, फक्त प्रत्येक वाक्यानंतर ते थोडं थांबत होते. मग त्यांनी सांगितलं तसं मी टाइप केलं. ती ओळ मला अजून पाठ आहे. 'सदर दिगंबर यांनी मला साहजिकच कळविले असते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. आमच्यात पाण्यावरून वितुष्ट आले होते व त्यास मी लिहिलेला अपुरा दस्त कारण होता. परंतु आपल्या पत्नीस व मुलीस खबर दिल्याशिवाय राहील असा तो मनुष्य नव्हता. त्या दोघींना अकरा वर्षांत त्याची खबर नाही.'

वकील चिडले. म्हणाले, यानं दावा कमजोर होईल, तुमची अब्रूही जाईल. भाऊंनी एक शब्द बदलला नाही.

साक्षीच्या दिवशी निर्मलानं मला बरोबर बोलावलं होतं. सोबत एक बाई हवी म्हणून. न्यायाधीश बाई होत्या, तरुण. त्यांनी प्रतिज्ञापत्र दोनदा वाचलं आणि चष्मा काढून भाऊंकडे पाहिलं.

"हे तुम्ही स्वतः लिहिलंत?"

"हो, बाईसाहेब."

"यात तुम्ही स्वतःकडे दोष घेताय, हे तुम्हाला माहीत आहे?"

"मी दस्तलेखक हावो. मले मालूम हाये."

"तुमच्या मते दिगंबर हयात आहेत का?"

निर्मला समोर बघत होती. भाऊंनी साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी धरला.

"माह्या मताले वजन देऊ नका, बाईसाहेब. मी भाऊ हावो, मले काईबी वाटू शकते. कायद्यानं सात वर्षं सांगतली, हिनं अकरा वर्षं वाट पाहेली. हिचं काम अडून राहिलं. माही काई हरकत नाई."

न्यायाधीश बाईंनी आणखी काही विचारलं नाही. निकाल यायला काही महिने लागले, पण लागला तो निर्मलाच्या बाजूनं, आणि त्यात पत्नी-मुलीबद्दलचं ते वाक्य जसंच्या तसं घेतलं होतं. सातबारा तिच्या आणि पल्लवीच्या नावावर झाला. निर्मला पेढे घेऊन आली नाही, ते बरंच झालं. तिचं कुंकू होतं तसंच होतं. शेडखालच्या एका लेखकानं तिच्या कपाळाकडे पाहिलेलं तिला कळलं. ती त्याला ऐकू जाईल असं मला म्हणाली, "कोर्टाचा कागद तलाठ्यासाठी हाये, ताई. माह्यासाठी नाई."

त्याच आठवड्यात भाऊंनी विहिरीचा दस्त लिहिला. आपल्या भागातली विहीर, त्यावरचा हक्क आणि तिथपर्यंत जाण्याची वाट निर्मला आणि पल्लवीला. दुसरं पान या वेळी अडीच पानांचं झालं. 'समाईक म्हणजे आठवड्यातील पाच दिवस लिहून घेणार यांचे, दोन दिवस लिहून देणार याचे. चैत्र, वैशाख व ज्येष्ठात सातही दिवस लिहून घेणार यांचे.' मी टाइप करून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्या-उभ्याच वाचला, आणि मग सही करायला बसले.

"अडीच पानं," ते म्हणाले. "अर्ध्या तासाचं काम होतं, बाई."

त्यानंतर वर्षभरानं मी अमरावतीला आले. नवऱ्याची बदली झाली, मलाही इथे एका वकिलांकडे काम मिळालं. तोपर्यंत लोक मोबाइलवरूनच तयार नमुने उतरवून आणायला लागले होते आणि शेडखालची टेबलं कमी होत चालली होती. भाऊंचं टेबल कधी उठलं ते मला नेमकं माहीत नाही. मागच्या वर्षी पल्लवीचा फोन आला, मोठे बाबा गेले म्हणून. झोपेतच गेले. मी बार्शीटाकळीला जाऊन आले. निर्मला मला धरून खूप रडली.

पण त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आधी, अमरावतीच्या बस स्टँडवर. पल्लवीला इथल्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता आणि ते तिला वसतिगृहावर सोडायला आले होते. मला त्यांनी आधी कळवलं होतं, म्हणून मी भेटायला गेले. खूप वाळले होते, पण सदरा तसाच पांढरा. पल्लवीला सोडून झालं होतं आणि ते अकोल्याच्या बसची वाट बघत होते. आम्ही बाकावर बसलो. त्यांनी माझ्या मुलाची चौकशी केली, माझ्या वकिलांची केली, तुमच्या इकडे दस्त कसे लिहितात ते विचारलं. अकोल्याची बस लागली. त्यांनी पिशवी उचलली आणि उठले.

तेवढ्यात पलीकडे परतवाड्याहून आलेली बस थांबली आणि लोक उतरायला लागले. भाऊ बोलता-बोलता मध्येच थांबले. उतरलेल्या माणसांतून पन्नाशीचा एक माणूस फाटकाकडे चालला होता. एक खांदा थोडा खाली, हातात सामानाची थैली. भाऊंनी पिशवी माझ्या हातात दिली, काही न सांगता, आणि त्याच्या मागे निघाले. मी त्यांना इतकं भरभर चालताना कधीच पाहिलं नव्हतं. माणसांना बाजूला सारत, कुलीच्या गाड्याला वळसा घालून. इकडे अकोल्याच्या बसची घंटी वाजली, कंडक्टर ओरडला, मी हात केला, पण बस निघून गेली.

भाऊंनी त्या माणसाला रसवंतीच्या दुकानापाशी गाठलं आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला. दुसराच कोणी होता. गोल चेहरा, मिशी, डोळ्यांत प्रश्न.

मी तोपर्यंत जवळ पोचले होते, पण दोन पावलं मागेच थांबले. भाऊंनी खांद्यावरचा हात काढला नाही, नुसता सैल केला.

"किती वाजले, भाऊ?" त्यांनी विचारलं.

त्या माणसानं मोबाइल काढून पाहिला आणि म्हणाला, "पावनेचार."

"पावनेचार," भाऊ म्हणाले. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली. मनगटावर घड्याळ होतं आणि ते बरोबर चाललं होतं. तरी तो माणूस बघतो आहे म्हणून त्यांनी घड्याळाची चावी बाहेर ओढली, काटा जरासा पुढे-मागे केला, तिथेच परत आणला, आणि त्याच्याकडे बघून मान हलवली. तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत ते चावी दोन बोटांत धरून तसेच उभे होते.